लाकडी चार्जिंग स्टँड घरी बनवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी पाच माणसं आणि नऊ चार्ज करायच्या वस्तू आहेत. ओट्याजवळ एक फोन, देव्हाऱ्याच्या बाजूला दुसरा, पलंगाखाली तिसरा, असा पसारा मी बरीच वर्षं पाहिला आणि शेवटी लाकडाचा स्टँड बनवला. बाबा पंचवटीत सुतारकाम करायचे, त्यामुळे हत्यारांची भीती नव्हती. त्यानंतर नात्यातल्या, शेजारच्या, सिन्नर-ओझरच्या ओळखीच्या लोकांसाठी मिळून बरेच स्टँड झाले आणि प्रश्न येतच राहिले. तेच इथे सोप्यापासून अवघडाकडे लावले आहेत.

१. ताई, चार्जिंग स्टँड म्हणजे नेमकं काय? विकत मिळतो की!

मिळतो, पण तो कुणाच्या तरी सरासरी घरासाठी बनलेला असतो. आमच्याकडे त्याला "फोनची घडवंची" म्हणतात. घडवंचीवर हंडे-कळशा ठरलेल्या जागी बसतात, तसे इथे फोन बसतात. वर फोन टेकवायच्या खाचा आणि खाली चार्जर व एक्स्टेन्शन बोर्ड ठेवायची पोकळी, एवढेच दोन भाग. तुमच्या घरातली माणसं, त्यांचे फोन आणि प्लगची जागा हे सगळं धरून बनवलेला स्टँडच वापरात राहतो. नाहीतर आठवड्याभरात त्यावर किल्ल्या आणि लाइटबिलं साठायला लागतात.

२. सुरुवात कुठून करू? लाकूड आणून ठेवलंय.

लाकूड राहू द्या बाजूला. आधी घरातले सगळे चार्जर, तारा आणि बोर्ड जमिनीवर मांडा, प्रत्येक चार्जर बोर्डात खोचा आणि मग उंची मोजा. बोर्डाची जाडी दोन इंच आणि त्यावर अडॅप्टर तीन इंच उभा राहिला, तर आतली उंची किमान सहा इंच हवी, कारण तारेला वळायलाही जागा लागते. सुंदर चार इंची खोका बनवून झाल्यावर अडॅप्टर आत बसत नाही म्हणून फोन करणारे मला सर्वांत जास्त भेटतात. तारा आधी, लाकूड नंतर.

स्टँड कुठे ठेवणार तेही आत्ताच ठरवा. भिंतीवरच्या सॉकेटपासून बोर्डाची वायर ताण न पडता पोचली पाहिजे. ओटा, बेसिन, फिश टँक आणि दुपारचं ऊन येणारी खिडकी टाळा. नाशिकच्या मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो. अशा वेळी पश्चिमेच्या खिडकीत ठेवलेला फोन चार्जिंगला लावण्याआधीच तापलेला असतो.

३. मला मापं सांगा ना, सरळ.

चार फोन आणि एक टॅब धरून माझा नेहमीचा नमुना देते. मापं सुतारी पद्धतीने इंच आणि सुतात आहेत. एका इंचात आठ सूत, म्हणजे एक सूत साधारण ३ मिलिमीटर.

खाच कोरत बसू नका. कोरलेल्या खाचेखाली लाकूड पातळ राहतं आणि लाकडाची रेषा खाचेच्याच दिशेने असेल तर तिथेच चिरतं. त्याऐवजी १२ मिलिमीटर प्लायची वरची फळी घ्या, १० इंच रुंद आणि ११ इंच ३ सूत खोल. त्यावर ६ सूत जाड, ११ सूत रुंद अशा सहा पट्ट्या आडव्या चिकटवा आणि दोन पट्ट्यांमध्ये ५ सुतांची फट सोडा. पाच फटी म्हणजेच पाच खाचा. फट सारखी यावी म्हणून १६ मिलिमीटर प्लायचा तुकडा मध्ये ठेवून पट्टी दाबायची. तुकड्याला आधी चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर तोही कायमचा बसेल.

कव्हरसकट फोन साधारण ११ मिलिमीटर जाड असतो. १६ मिलिमीटरच्या फटीत तो आपोआप थोडा मागे रेलतो आणि पडद्यावरचं सहज वाचता येतं. तुमचं कव्हर पाकिटासारखं उघडणारं असेल तर आधी कव्हरसकट मोजा आणि फट ७ सूत करा.

फोन मी उभा न ठेवता आडवा ठेवते. उभ्या फोनचं तोंड खाली गेलं की पिन दिसत नाही, चाचपडत लावावी लागते, आणि भोक लहान असेल तर फोनचा सगळा भार पिनेवर येतो. आडव्या फोनला पिन बाजूने लागते आणि आजीसुद्धा एका हाताने काढू शकते. म्हणून प्रत्येक फटीच्या उजव्या टोकाला या फळीत ५ सुतांचं एक भोक पाडा. टाइप-सीची पिन त्यातून आरामात वर येते. भोकं पट्ट्या चिकटवण्याआधीच पाडायची.

खालच्या खोक्याला तळ, आणि सहा-साडेसहा इंच उंच डावी-उजवी भिंत व पुढची पट्टी. मागची भिंत नाही. का नाही, ते प्रश्न ६ मध्ये.

४. लाकूड कोणतं घेऊ? सागच हवा का?

साग उत्तम. तो पावसाळ्यात कमी फुगतो-आकसतो आणि पॉलिश देखणं घेतो. पण एवढ्या कामाला नवीन साग घ्यायची गरज नाही. जुन्या नाशकातले वाडे उतरवतात तेव्हा दारा-खिडक्यांचं सागवान जुनं लाकूड विकणाऱ्यांकडे येतं. त्याच्यासारखं मुरलेलं लाकूड आता नवीन मिळत नाही. रंधा मारण्याआधी लोहचुंबक फिरवून आतले खिळे शोधा, नाहीतर पातं जाईल. त्यावर जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नका. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९०) कमी ठेवायचा नियम आपल्याकडे २०१७ मध्ये लागू झाला, त्याआधीच्या रंगाची धूळ पोटात जाणं वाईट, मुलांसाठी तर फारच. ओलं करून खरवडा, किंवा तो तुकडा सोडून द्या.

दुसरा पर्याय पॅकिंगच्या पाइनचा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत यंत्रं ज्या खोक्यांतून, पॅलेटवरून येतात, त्यांच्या फळ्या भंगारवाल्यांकडे मिळतात. परदेशातून आलेल्या फळीवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का असतो. त्यात 'एचटी' अक्षरं असतील तर ती उष्णता देऊन निर्जंतुक केली आहे, गाभा ५६ अंशांवर ३० मिनिटं. ती बिनधास्त घ्या. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा विषारी धूर दिलेला, ती घरात नको. शिक्का नसलेल्या फळीला बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा दिसला तर आत भुंगा आहे.

वरच्या फळीला आणि तळाला प्लायच बरा. आयएस ३०३ छापलेला बीडब्ल्यूआर, म्हणजे पाणी सोसणारा, घ्या. एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी) स्वस्त आणि गुळगुळीत असतो, पण पाण्याचा एक पेला सांडला की कडा फुगते आणि पुन्हा बसत नाही.

५. हत्यारं काय लागतील? माझ्याकडे फक्त ड्रिल आहे.

ड्रिल, बारीक दातांची करवत, गुण्या (काटकोन बघायचं हत्यार), दोन क्लॅम्प आणि पॉलिशपेपर एवढ्यात होतं. प्लाय विकत घेतानाच दुकानात मापाने कापून घ्या. सरळ कापलेला तुकडा हाती असला की निम्मं काम झालं. गुण्यात मात्र कसूर नको, कारण पहिली पट्टी तिरकी बसली की सहाही तिरक्या जातात.

६. मागून तारा दिसतात, वाईट दिसतं. मागची बाजू बंद केली तर?

करू नका. मी केली होती.

माझा पहिला स्टँड सागाचा, मागे पाट आणि पुढे छोटं बिजागरीचं दार असा होता. सगळ्यांनी कौतुक केलं. मे महिन्यात एका दुपारी चार फोन आणि लॅपटॉप एकदम लावलेले होते. दार उघडलं तर आतून गरम पॉलिशचा वास आला. एक अडॅप्टर उचलायला गेले, तो उचलेना. खालचं पॉलिश मऊ होऊन तो तळाला चिकटला होता. ओढून काढल्यावर लाकडावर त्याच्या बुडाचा चौकोन जसाच्या तसा उमटला होता, आतल्या बारीक अक्षरांसकट. तो तुकडा मी जपून ठेवलाय आणि बंद खोका मागणाऱ्या प्रत्येकाच्या हातात देते.

चार्जर जेवढी वीज घेतो तिचा काही भाग उष्णता होऊन बाहेर टाकतो. चांगल्या चार्जरमध्ये हा भाग दहाएक टक्के असतो, साध्यात जास्त. लाकूड उष्णता लवकर बाहेर जाऊ देत नाही, म्हणून तर कढईला लाकडी मूठ बसवतात. बंद खोक्यात ती उष्णता साठत जाते. मागची बाजू पूर्ण उघडी ठेवा, पुढच्या पट्टीला तळालगत एक लांब चीर ठेवा आणि भिंतीपासून दोन इंच अंतर सोडा. खालून गार हवा आत, मागून गरम हवा वर, पंख्याशिवाय काम होतं.

दिसण्याचंच वाईट वाटत असेल तर तारांचा गुंता कमी करा. प्रश्न ७ पाहा.

७. पाच अडॅप्टर ठेवू की एकच मल्टिपोर्ट चार्जर?

आता मी एकच ठेवते. चार पोर्टचा चांगला चार्जर एका प्लगवर चालतो, आतली गर्दी संपते. दोन गोष्टी लक्षात ठेवा. चार्जरवर लिहिलेले ६५ वॅट हे सगळ्या पोर्टचे मिळून असतात. लॅपटॉप एकटा असेल तर त्याला पूर्ण मिळतात, शेजारी फोन लावला की वाटणी होते. आणि नवीन उपकरण लावताच बाकीच्यांचं चार्जिंग क्षणभर थांबून पुन्हा सुरू होतं. बऱ्याच चार्जरमध्ये वाटणी नव्याने होते तेव्हा असं होतं, तो बिघाड नाही.

तारही बघा. साधी टाइप-सी ते टाइप-सी तार ३ अँपिअरची, म्हणजे ६० वॅटपर्यंत. त्यापुढे ५ अँपिअरची, आत चिप असलेली तार लागते. स्टँडमध्ये अर्ध्या मीटरच्या तारा पुरतात. एमजी रोडच्या मोबाइल दुकानांत मिळतात. एक मीटरची तार घेतली की उरलेली वेटोळी आत पडून राहतात.

८. एका बोर्डावर एवढं सगळं? लोड जास्त होणार नाही ना?

नाही. चार फोन प्रत्येकी २० वॅट आणि लॅपटॉप ६५ वॅट, म्हणजे १४५. २३० व्होल्टला हे पाऊण अँपिअरच्याही आत. ६ अँपिअरचा बोर्ड यापेक्षा कितीतरी जास्त पेलतो. धोका लोडचा नसतो, ढिल्या सॉकेटचा असतो. प्लग डुगडुगत असेल तर तिथे ठिणगी पडते आणि प्लास्टिक काळं पडतं. आयएसआय खुणेचा बोर्ड घ्या आणि त्याच बोर्डावर इस्त्री किंवा हीटर कधीही लावू नका.

बिलाची काळजी करणाऱ्यांसाठी: ५००० एमएएचच्या फोनची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॉट-तास. वाया जाणारी वीज धरूनही एका युनिटमध्ये असा फोन चाळीसेक वेळा पूर्ण भरतो.

९. लाकडातच सॉकेट बसवून आत वायरिंग केलं तर?

दिसायला छान, पण घरच्या घरी नको. उघडे जोड, लाकडाचा भुसा आणि २३० व्होल्ट एकत्र आणू नयेत. तयार बोर्ड ठेवा. त्याच्या पाठीमागे अडकवायची भोकं असतात, त्यात तळाला मारलेले दोन स्क्रू बसतात. बोर्डाच्या अंगातून स्क्रू मारू नका. सॉकेट हवंच असेल तर परवानाधारक वायरमनकडून, न जळणाऱ्या बंद डबीत बसवून घ्या.

१०. फोन काढला की तार भोकातून खाली पळते. रोज खोका हलवावा लागतो.

पिनेपासून चार इंचांवर तारेला कागद लावायची छोटी क्लिप लावा, भोकाच्या वरच्या बाजूला. ती भोकात अडकते. माझी आवड म्हणजे जाड लोकरीच्या धाग्याची घट्ट गाठ, प्रत्येकाचा रंग वेगळा. निळा माझा, लाल आजीचा. भांडणं थांबतात.

११. पॉलिश कोणतं करू?

१२०, मग १८०, मग २२० नंबरचा पॉलिशपेपर, रेषेच्या दिशेने. त्यावर चपडीचं (लाखेचं) पॉलिश सुंदर दिसतं, पण उष्णतेने मऊ होतं. प्रश्न ६ मधला चौकोन त्याचाच. म्हणून वरच्या भागाला चपडी चालेल, चार्जर बसतो त्या तळाला मेलामाइन द्या किंवा तो कोरडाच ठेवा.

जवसाचं तेल वापरणार असाल तर एक गोष्ट कृपा करून पाळा. तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून डब्यात टाकू नका. हे तेल सुकताना तापतं आणि गोळा केलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. दोरीवर एकेक पसरून वाळवा, मग टाका.

१२. वायरलेस चार्जर लाकडाखाली लपवता येईल?

येईल, पण साध्या पॅडवर लाकूड ३ मिलिमीटरच्या आत हवं. १२ मिलिमीटर प्लायमधून काही पोचत नाही. कव्हरची जाडीही त्यात धरा आणि पॅडमधल्या कॉइलजवळ (तारेच्या वेटोळ्याजवळ) खिळा-स्क्रू नको. लाकूड वर असल्याने फोन जागेवर नीट बसला नाही तर चार्ज होण्याऐवजी तापत राहतो. माझं मत: पॅड वरच ठेवा, त्याच्या आकाराचा खोलगा करून.

१३. घड्याळ, इअरबड, ट्रिमर, आजीचा बटणांचा फोन, यांचं काय?

पुढे तीन इंचांची पट्टी वाढवा आणि त्यावर अर्धा इंच उंच काठ असलेला ताटलीसारखा खण करा. इअरबड आणि ट्रिमर तिथे. घड्याळाच्या चकतीसाठी गोल खोलगा करून खाली तारेपुरती चीर ठेवा. आजीच्या फोनला मायक्रो यूएसबी लागते, तिची तार वेगळी ठेवाच. आयफोनही २०२३ पासून टाइप-सीवर आल्याने नवीन फोनांचा प्रश्न सुटत चाललाय, पण घरातला सगळ्यात जुना फोन बहुधा सगळ्यात मोठ्या माणसाकडे असतो. त्याची जागा पुढची, हाताशी.

१४. लॅपटॉप स्टँडवर लावला की हाताला मुंग्या येतात. लाकडातून करंट येतोय का?

कोरड्या लाकडातून नाही. दोन पिनांच्या अडॅप्टरमधल्या फिल्टरमधून अगदी थोडी वीज धातूच्या अंगावर येते, ती जाणवते. तीन पिनांची वायर आणि नीट अर्थिंग असलेलं सॉकेट वापरलं की जाते. तीन पिनांवरही मुंग्या आल्या तर घराचं अर्थिंग तपासून घ्या. झटका बसला तर तो चार्जर लगेच बंद.

लॅपटॉपला शेवटची फट इंचभर रुंद आणि मागे पाच इंच उंच आधार हवा, नाहीतर तो स्टँडसकट मागे जाईल. चालू लॅपटॉप मिटून उभा ठेवू नका. आधी बंद करा.

१५. रात्रभर लावून ठेवला तर चालतो?

फोन भरला की स्वतःच घेणं थांबवतो. बॅटरीला जास्त त्रास उष्णतेचा आणि सतत शंभर टक्क्यांवर राहण्याचा. फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सोय असेल तर चालू करा. उशीखाली ठेवण्यापेक्षा उघड्या स्टँडवर रात्रभर असलेला केव्हाही बरा.

१६. पावसाळ्यात काय काळजी घेऊ?

पट्ट्या फुगून फट अर्धा मिलिमीटर आवळते, म्हणून ५ सुतांत कंजुषी नको. सागाऐवजी पाइन असेल तर खालची बाजूही पॉलिश करा, एकच बाजू केली तर फळी वाकते. वळवाच्या विजा सुरू झाल्या की बोर्डाचा प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, आणि विजेचा झटका अडवणाऱ्या सर्ज प्रोटेक्टरच्या आतला भाग प्रत्येक झटक्याने झिजत असतो.

१७. घरात दीड वर्षाचं बाळ आहे.

स्टँड साडेचार फुटांच्या वर, भिंतीवरच्या फळीवर, खाली लोंबणारी एकही तार न ठेवता. बाळ तार ओढतं, फोन नाही. सॉकेटला आतून झडप असलेला बोर्ड घ्या.

१८. स्कूटरची बॅटरी, पॉवर बँक, थोडा फुगलेला जुना फोन, हेही याच स्टँडवर?

तिन्हींची उत्तरं वेगळी. स्कूटरची बॅटरी कधीच नाही. तिच्यात शंभरेक फोनांइतकी ऊर्जा असू शकते. कंपनीने दिलेल्या चार्जरने, वेगळ्या सॉकेटवर, बाहेर पडायच्या दारापासून दूर. पॉवर बँक चालेल, पण वरच्या मोकळ्या ताटलीत, खालच्या पोकळीत नाही. फुगलेला फोन चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. बंद करून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

१९. २०२७च्या सिंहस्थात आमच्याकडे दहा-बारा पाहुणे उतरतील. एकच मोठा स्टँड करू का?

पाच-पाच, सहा-सहाचे दोन करा आणि दोन खोल्यांत ठेवा. बारा फोन प्रत्येकी २० वॅट धरले तरी एका अँपिअरच्या आसपास, त्यामुळे वीज पुरते. अडचण गर्दीची. पहाटे स्नानाला निघताना सगळे एकाच वेळी फोन शोधतात, आणि सारख्या काळ्या फोनांत घोटाळा होतो. फटींवर आकडे कोरा आणि पाहुण्याला आकडा सांगून ठेवा. पाहुण्यांकडे कोणती पिन असेल सांगता येत नाही, म्हणून दोन मायक्रो यूएसबी आणि दोन जुन्या आयफोनच्या तारा हाताशी असू द्या. ओले टॉवेल स्टँडशेजारच्या खुंटीवर टांगले जाणार नाहीत हे बघा. ती खुंटी तेवढे दिवस काढूनच ठेवा.

२०. मला जमणार नाही, सुताराकडून करून घेते. त्याला काय सांगू?

त्याच्याकडे बोर्ड आणि चार्जर घेऊन जा, फोटो नको. प्रश्न ३ ची मापं कागदावर लिहून द्या आणि मागची बाजू उघडी ठेवायची हे दोनदा सांगा. चांगला सुतार हौसेने पाट ठोकून देतो, कारण त्याच्या मते मागे उघडं ठेवणं म्हणजे काम अर्धवट. पट्ट्या चिकटवण्याआधी एकदा बोलवायला सांगा, स्वतःचा फोन कव्हरसकट फटीत ठेवून बघा, आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसालाही तो एका हाताने काढायला लावा. त्यांना जमलं की मगच फेव्हिकॉल.